कमी पैशांत जुना पेट्रोल पिकअप: सोलापुरातला माझा अनुभव

जुनी पेट्रोल जीप-पिकअप दुरुस्त करायला, गाडीची किंमत सोडून, हातात दीड लाख रुपये होते. एवढ्यात काम बसवायचं तर खर्चाचा क्रम चुकवून चालत नाही: कागद, चासी (गाडीचा खालचा सांगाडा), ब्रेक, इंजिन, पत्रा आणि सगळ्यात शेवटी रंग. आधी रंगवलेली गाडी वेल्डिंगला गेली की रंग जळतो आणि तेच पैसे दुसऱ्यांदा जातात.

आरसी बुकात बॉडीच्या रकान्यात पिकअप लिहिलेलीच गाडी घेतली. साध्या जीपला मागे हौदा जोडायचा तर आरटीओची मंजुरी लागते, नाहीतर पासिंगला अडतं. डिझेल इंजिन बसवा, असं गॅरेजमध्ये सगळेच सांगतात. रोज चालवायला ते परवडतं, पण ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ या विंटेज गाड्यांच्या मालिकेचा नंबर घ्यायचा असेल, तर चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि रोजच्या वापराला ती गाडी काढता येत नाही. मी जुन्या जीपमधलं मूळचं ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिनच ठेवलं.

हौदा उतरवून चासीची कर्णमापं घेतली: पुढच्या उजव्या हँगरपासून (पाट्याची स्प्रिंग चासीला अडकते तो आधार) मागच्या डाव्यापर्यंत, मग उलट. ६ मिमीपेक्षा जास्त फरक म्हणजे गाडी कुठेतरी ठोकलेली. मला ४ मिमी मिळाला. मागच्या पाट्याच्या हँगरशी तडा होता. तड्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडूनच वेल्डिंग करावं, नाहीतर तो पुढे सरकत राहतो.

ब्रेकवर मी काटकसर केली नाही. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, सगळ्या रबरी नळ्या नव्या. जुने भाग पेट्रोल-डिझेलने धुऊ नका, आतली रबरं फुगतात आणि ब्रेक जाम होतो. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपल्या उजव्या स्टीअरिंगच्या जीपमध्ये ते मागचं डावं. डाव्या स्टीअरिंगसाठी लिहिलेल्या मॅन्युअलमध्ये हा क्रम वेगळा असतो, तिथे लोक फसतात.

इंजिन थंड असताना इनटेक व्हॉल्व्हचा गॅप ०.०१८ इंच, एक्झॉस्टचा ०.०१६, डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटचा ०.०२०, प्लगचा ०.०३०. या इंजिनात इनटेक हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असतो, त्यामुळे दोन्हीकडे वेगळे मोजावे लागतात. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) आणि रबरी नळ्या खराब होतात, म्हणून दोन्ही आधीच बदलले. रेडिएटर मात्र नुसता धुऊन भागलं नाही. सोलापूरच्या मे महिन्यात चढावर तापमानाचा काटा वर गेलाच, शेवटी नवा कोअर (रेडिएटरची आतली जाळी) टाकला.

हौद्याच्या तळाला १६ गेज, बाजूंना १८ गेज पत्रा (गेजचा आकडा लहान तितका पत्रा जाड). सलग वेल्डिंग केलं की पातळ पत्रा तापून लाटा धरतो. दर २ इंचांवर टाके, समोरासमोरच्या बाजूंना आलटून पालटून, गार झाल्यावर मधल्या जागा. हौद्याचा मागचा जुना फाळका ठोकून सरळ झाला. तळाच्या कोपऱ्यांत ८ मिमीची भोकं पाडली, पाणी तिथेच साचून पत्रा खातो.

रंग पहाटे मारला. दुपारच्या उन्हात थिनर हवेतच उडतं आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, शिवाय वाऱ्याची धूळ चिकटते.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळले. दोन अर्धा फेरा ढिले निघाले.