अकरा किलोची पेटी

जूनमधली सकाळ. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानासमोर रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने आणि पंच्याहत्तरीच्या एका काकांनी मिळून एक पेटी आत आणली. शिलाई मशीनच्या पेटीसारखीच, वर दांडा.

"भंगारवाला तीनशे देतोय. त्याआधी म्हटलं, चालतंय का बघावं."

कड्या काढून झाकण उघडलं, तर झाकणातच कीबोर्ड. समोर पाच इंची पडदा, दोन्ही बाजूंना फ्लॉपी ड्राइव्ह, खाली फ्लॉपी, म्हणजे माहिती साठवायच्या पातळ चकत्या, ठेवायचे कप्पे. ऑस्बोर्न १, उचलून नेता येणारा जुना कॉम्प्युटर! बावीस वर्षं या धंद्यात आहे, पण हे यंत्र फक्त फोटोत पाहिलं होतं.

१९८१च्या एप्रिलमध्ये हे अमेरिकेत आलं, १७९५ डॉलरला. वजन अकरा किलो, आत बॅटरी नाही. उचलून न्यायचं आणि जिथे प्लग मिळेल तिथे लावायचं. मेमरी ६४ केबी. त्याच ऑगस्टमध्ये आलेला आयबीएमचा पीसी १५६५ पासून सुरू व्हायचा, पण त्या किमतीत फ्लॉपी ड्राइव्हसुद्धा मिळत नव्हता. ऑस्बोर्नसोबत मात्र लिखाणासाठी वर्डस्टार, हिशेबाच्या तक्त्यांसाठी सुपरकॅल्क, प्रोग्रॅम लिहायला बेसिक, सगळं त्याच पैशांत. विकत घेतलेलं मशीन पहिल्या दिवसापासून कामाला लागलं पाहिजे, हा विचार मला आजही फार मोठा वाटतो. तो करणारे अ‍ॅडम ऑस्बोर्न लहानपणी तमिळनाडूत वाढले आणि २००३ मध्ये कोडाईकॅनॉलला वारले. त्यांची कंपनी १९८३ मध्येच दिवाळखोरीत गेली होती.

काका वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये पगारपत्रक करायचे. मशीन त्यांच्या थोरल्या भावाने १९८२ मध्ये आणलेलं. "डॉलर साडेनऊच्या आसपास होता. म्हणजे सतरा हजार, वर कस्टम वेगळं. माझा पगार नऊशे. दादाला म्हटलं, वेडा झालास का?"

मी प्लग लावला नाही. इतकी वर्षं पडून राहिलेल्या मशीनला थेट वीज दिली की पॉवर सप्लायमधला जुना कपॅसिटर धूर सोडू शकतो. उघडून पाहिलं तर त्याला तडा गेलेलाच होता. तो बदलला, पाच आणि बारा व्होल्ट नीट येताहेत ना ते मोजलं. फ्लॉप्यांवर बुरशी होती. आमच्या पावसाळी हवेत ती येतेच. स्पिरिट आणि कापूस घेऊन एकेक हलक्या हाताने पुसली. यात दुपार गेली. काका जेवायलाही घरी गेले नाहीत.

चौथ्या फ्लॉपीला ड्राइव्ह खरखरला आणि अक्षरं उमटली. काकांनी खुर्ची पुढे ओढली. सुपरकॅल्क चालू झालं तसं त्यांचं बोट आपोआप तिरप्या रेघेच्या बटणावर गेलं. कमांड तिथूनच सुरू होते. मार्च १९८४चं पगारपत्रक उघडलं. पडद्यावर एका वेळी ५२च अक्षरं मावतात, म्हणून ओव्हरटाइमचा रकाना उजवीकडे दडलेला. काकांनी बाणाचं बटण दाबत दाबत तो आणला.

"हे हाताने करायला तीन रात्री जायच्या. यावर एका संध्याकाळी व्हायचं."

मग एक-एक नाव वाचू लागले. कोण लेथवर, कोण पॅकिंगला, कोणाच्या मुलीचं लग्न त्या महिन्यात होतं, कोणाची उचल कापायची राहिली होती.

"याची दुसरी प्रत काढून ठेवू या," मी म्हटलं. कशी काढायची ते मला ठाऊक नव्हतं. त्यांनी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये बुरशी पुसलेली एक फ्लॉपी घातली आणि प्रत काढायची कमांड सांगू लागले, "लिहा, पी आय पी..."