पद्मिनीचा डिप्पर

म्हापशाहून डिचोलीला परतताना अस्नोड्याच्या पुढे समोरून बस आली. मी डिप्पर मारला आणि पुढचे दोन्ही दिवे गेले. स्टिअरिंगखालची दांडी बोटाने वर दाबून धरली की दिवे यायचे, सोडली की अंधार. आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा गिअरही स्टिअरिंगलाच, त्यामुळे त्या रात्री मला तिसरा हात हवा होता.

गाडी बाबांची, १९८२ची, अजून गोवा-दमण-दीवच्या काळातली ‘जीडी’ नंबरची जुनी पाटी असलेली. ओळखीच्या मेस्ताने, म्हणजे मेकॅनिकने, न बघताच सांगितलं, "स्वीच बदल." स्पेअरवाल्याने वर तोंडही केलं नाही. "आतां खंय मेळटा तो?" म्हटलं, मग आपणच उघडू.

दोन्ही दिवे एकदम जातात म्हणजे बल्बचा दोष नाही. फ्यूजची टोकं आपल्या खाऱ्या हवेने हिरवी झालेली असतात, ती घासली; फरक शून्य. मग दांडी दाबून, दिवे लावून मीटर धरला. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, बल्बपाशी ९.९. स्विचच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या वायरींमध्येच २.१ व्होल्ट गायब! दांडीच्या बुडाशी हात लावला तर चटका बसला.

बॅटरीची मायनस केबल काढली आणि हॉर्नचं बटण उचकटलं. मधला मोठा नट सैल केला, पण चार आटे ठेवूनच. पूर्ण काढून जोर लावला तर स्टिअरिंग निसटून थेट नाकावर येतं. वायरींचे मोबाइलवर फोटो काढले. स्टिअरिंग कुठल्या दात्यावर बसलंय याची खूण करायची मात्र राहिली.

स्विच उघडताच आतला छर्रा टुणकन उडाला. पाऊण तास मॅटखाली, सीटखाली, बाबांच्या जुन्या पेट्रोलच्या पावत्यांत शोधला. शेवटी सापडला माझ्याच शर्टाच्या खिशात.

आत बघितलं तर पितळेची पट्टी काळी ठिक्कर, आणि ती ज्या प्लॅस्टिकवर बसते ते वितळून खड्डा पडलेला. पट्टी खाली बसली होती, म्हणून दांडी वर दाबली की टेकायची. पण एवढं तापलं कशाने? पुढचा बल्ब काढून पाहिला: १००/९० वॅट, म्हणजे अप्परला १०० आणि डिप्परला ९०. चोर्ला घाटातून रात्री बेळगावला जाता यावं म्हणून बाबांनीच बसवलेले. विचारलं तर म्हणाले, "अरे, पण काय लख्ख दिसायचं!"

हिशेब सोपा आहे. या गाडीत रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) नाही, दिव्यांचा सगळा करंट या नाजूक पट्टीतून जातो. साध्या ४५/४० बल्बांना सात-आठ अँपिअर लागतात, या जोडीला पंधराच्या वर. पट्टी काळवंडली की दोन व्होल्ट तिथेच अडकतात, म्हणजे पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग इस्त्रीएवढी उष्णता प्लॅस्टिकच्या डबीत. बिचाऱ्या स्विचचा काय दोष!

पट्टी झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासली. खड्डा एपॉक्सीने भरला, रात्रभर सुकू दिला. मग अप्परला एक, डिप्परला एक असे दोन रिले लावले. रिलेच्या टोकांना नंबर असतात: स्विचची वायर ८६ला, ८५ अर्थला (म्हणजे गाडीच्या बॉडीला), बॅटरीकडून फ्यूज घालून जाड वायर ३०ला आणि ८७ बल्बला. आता स्विचमधून जातो तो फक्त रिलेच्या कॉइलचा करंट, अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी. हेडलाइटचा गंजलेला अर्थ बॉडीवर खरवडून नव्याने आवळला. बल्ब ६०/५५चे घातले.

बल्बपाशी आता १२ व्होल्ट येतात आणि बाबांच्या शंभरवाल्यांपेक्षा उजेड जास्त वाटतो. बाबांना ते मान्य नाही. ते बल्ब त्यांनी कागदात गुंडाळून कपाटात ठेवलेत.

स्टिअरिंग मात्र एका दात्याने चुकलंय. सरळ रस्त्यावर जरा डावीकडे कललेलं दिसतं, आणि इंडिकेटर उजवं वळण संपल्यावर आपण होऊन परत येत नाही. परत नट उघडायला हवा. चतुर्थी झाली की बघू.