नवा माणूस पुढच्या आठवड्यातही यावा म्हणून

आमच्या आंतरराष्ट्रीय लोकनृत्याच्या गटात नवी माणसं येतच नव्हती असं नाही. यायची, भिंतीला टेकून बसायची, मध्येच कुणीतरी हाताला धरून वर्तुळात ओढायचं, आणि पुढच्या आठवड्यापासून ती दिसायची नाहीत. ‘हल्ली लोकांना वेळच नसतो’ हे जुन्या मंडळींचं ठरलेलं उत्तर. शिकवण्याची आणि नाचांचा क्रम लावण्याची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा मी आधी त्या न परतलेल्यांनाच फोन केले. वेळेचं नावही कुणी काढलं नाही. एक जण म्हणाली, “तुम्हां सगळ्यांना सगळं येत होतं. मी आपली प्रत्येकाच्या मध्ये मध्ये येत होते.”

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्याकडे फळ्यावर फर्माईश लिहायची पद्धत होती, आणि खडू कायम जुन्यांच्या हातात. मग सुरुवातच व्हायची कोपानित्साने. हा बल्गेरियन नाच अकरा मात्रांचा, विभागणी २-२-३-२-२. ज्याने आयुष्यभर चार-चार मोजले त्याचे पाय नंतर चुकतात, आधी कानच चुकतो. त्यात या नाचाचा वेग असा, की कुठे चुकलं हे कळेपर्यंत रांग पुढे गेलेली असते.

मी पहिला अर्धा तास फर्माइशीतून काढून घेतला. त्यात जोडीदार लागणारा एकही नाच नाही. एकटा आलेला माणूस ‘आता मला कोण विचारणार’ या धास्तीत उभा राहिला, की पुढे काहीही शिकवा, डोक्यात शिरत नाही. सुरुवात रुमानियाच्या आलुनेलुलने. हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर. उजवीकडे पाच पावलं आणि दोनदा पाय आपटायचा, मग तसंच डावीकडे. हे सगळं पुन्हा एकदा. मग तीन पावलं आणि एक आपट. शेवटी पाऊल-आपट, पाऊल-आपट, पाऊल-आपट-आपट. सगळे थांबतात तिथे नवख्याची एखादी आपट हमखास जास्त पडते. ती सगळ्या हॉलला ऐकू जाते, जुनेही हसतात, कारण कधी ना कधी प्रत्येकाची पडलेली असते. लाज अशी एकदा निघून गेली की पुढचं काम सोपं.

त्यानंतर मायिम. हा १९३७ साली ना’आन या किबुत्झमध्ये, म्हणजे ज्यूंच्या सामूहिक शेतवस्तीत, पाणी लागल्याच्या आनंदात बसवलेला नाच. सगळे हात वर करत केंद्राकडे धावतात आणि मागे येतात. हे कुणाला शिकवावंच लागत नाही. मग मॅसेडोनियाचा लेस्नोतो. सात मात्रा, ३-२-२. ज्यांच्या कानावर रूपक ताल आहे त्यांना मी तेवढंच सांगतो, बाकीच्यांना ‘एक सावकाश, दोन झटपट’.

शिकवताना बोलणं कमी केलं. दोनदा कोरडं चालून दाखवायचं आणि लगेच संगीत लावायचं. एखाद्या पावलाचं मूळ कोणत्या खोऱ्यातलं यावर पाच मिनिटं बोलायचा मोह फार होतो, मला तर होतोच. पण तेवढ्या वेळात उभ्या माणसाचे पाय थंड पडतात.

जुन्यांना मी एक काम दिलं: नवख्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहायचं. नवा माणूस संकोचाने रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहतो. तिथे हात एकाच बाजूने धरलेला असतो, आणि रांग वळली की फेकलं जाणंही त्याच्याच वाट्याला. त्याला मध्ये घेतलं की दोन्हीकडून वजन कळतं. अट एकच, ओढायचं नाही. कोपरं वाकवून हात खांद्याच्या उंचीवर धरायचे नाच असतात, त्यात शेजाऱ्याने आपल्या हातांचा भार टाकला की पंधरा मिनिटांत खांदे भरून येतात. ही तक्रार नवे करत नाहीत. ते फक्त येणं थांबवतात.

विरोध झालाच. ‘पोरखेळ चाललाय’, ‘अस्सलपणा राहिला नाही’. अस्सलपणावर मी फार वाद घालत नाही, मिसिर्लूचं उदाहरण देतो. आमच्याकडे डोळे मिटून, अगदी भक्तिभावाने नाचला जाणारा हा ‘ग्रीक’ नाच १९४५ साली पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठात आकाराला आला. क्रीट या ग्रीक बेटावरच्या सिर्तोस नाचाला वेगळी चाल लागली आणि तो तयार झाला. दुसरा ‘ग्रीक’ नाच सिर्ताकी, तो तर १९६४च्या एका चित्रपटासाठी बसवलेला. तरी दोन्ही नाचताना मजा येतेच ना? बोलणं तिथे थांबतं. पटलेलं असतं असं नाही.

पोशाख घालून प्रात्यक्षिकं करायची ही सगळ्यांची आवडती सूचना. ती मी बंद पाडली. भरतकामाचे झगे आणि अचूक रांगा बघून लोक टाळ्या वाजवतात आणि ‘हे आपलं काम नाही’ असं ठरवून घरी जातात. १९७२ साली बुडापेस्टमध्ये तान्सहाझ, म्हणजे ‘नृत्यघर’, सुरू झालं तेव्हा मंचावर नाचणारी तरुण मंडळीच खाली जमिनीवर स्वतःसाठी नाचायला लागली, मग दारं सगळ्यांना उघडली. २०११ मध्ये युनेस्कोने जतनाच्या चांगल्या पद्धतींच्या यादीत ते घेतलं. त्यातली प्रत्यक्ष वाजवणाऱ्या वादकांची कल्पना आम्ही उचलली. एक अकॉर्डियन आणि एक तापान, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा मोठा ढोल. महिन्यातून एकदाच जमतं. वादक रांगेकडे बघत वाजवतात, रांग अडखळली की लय उतरवतात. रेकॉर्डिंगचा वेगही कमी करता येतो, पण ते आपल्याकडे बघत नाही. तरुण पोरं तर निव्वळ त्या ढोलासाठी येतात आणि मग नाचात अडकतात.

कोपानित्सा गेला नाही. शेवटचा तास जुन्यांचा, हवा तेवढा वेग. ज्यांना शिकायचंय ते रांगेच्या मागे उभे राहून पावलं उचलतात.

जोडीच्या नाचांचं मात्र अजून जमलेलं नाही. एकत्र आलेली जोडपी एकमेकांना सोडत नाहीत, एकटे आलेले पाणी प्यायला निघून जातात. जोडीदार बदलत जाणारा कोरोबुश्का चालतो, म्हणून सध्या तोच ठेवलाय. स्वीडिश हंबोची मागणी खूप आहे, पण ती गिरकी पंधरा मिनिटांत कुणालाच येत नाही. त्यासाठी पुढच्या महिन्यात एक वेगळी दुपार ठेवली आहे, आणि जोडीने याल तरी जोडी बदलावी लागेल हे आधीच कळवलं आहे.