दोन डबे पॉइंट आणि त्यांचा टंच

आमचं इचलकरंजीत मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. यंत्रमागांच्या मोटारी, स्टार्टर, कॉन्टॅक्टर हेच काम. स्टार्टर दुरुस्तीला आला की जळके पॉइंट, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी टोकं, काढायचे, नवे बसवायचे आणि जुने अण्णा पत्र्याच्या डब्यात टाकायचे. ‘चांदी आहे त्यात, फेकू नकोस,’ हे मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय. तीस वर्षांत दोन डबे भरले. दुकानाचा हिशेब माझ्याकडे आला तेव्हा ते विकायचं मी मनावर घेतलं.

भंगारवाल्याने पाहताक्षणी पितळेचा भाव सांगितला. वजनाने बघितलं तर माल खरंच पितळ-तांब्याच्या पट्ट्यांचाच होता. चांदी म्हणजे पट्टीच्या टोकाला डागलेली डाळिंबाच्या दाण्याएवढी चकती. मग एका सराफाकडे गेले. त्याने वरचा एक पॉइंट उचलून एक्स-रे मशीनखाली ठेवला. टंच, म्हणजे शंभरातली चांदी, आला 52. ‘चकत्या तोडून आणा, सगळ्या पन्नासच्या टंचाने घेतो,’ म्हणाला. एका दाण्यावरून अख्ख्या डब्याचा टंच ठरवलेला मला पटला नाही. डबे उचलून घरी आणले.

पुढचे चार रविवार अण्णा आणि मी अंगणात बसलो. छिन्नीने चकत्या उडवायच्या आणि लोहचुंबक फिरवायचा. काही चकत्या चुंबकाला टपाटप चिकटल्या, तेव्हा मी घाबरलेच; मला वाटलं, हे तर लोखंड! अण्णा हसले. त्या चांदी-निकेलच्या, लहान रिलेतल्या. चांदी आणि निकेल एकजीव होत नाहीत, दोन्हींची भुकटी दाबून पॉइंट तयार करतात, त्यामुळे निकेल चुंबकाला ओढ देतंच. त्यांत चांदी साधारण 90 टक्के. न चिकटणारा मोठा ढीग कॉन्टॅक्टरचा. जुन्या कॉन्टॅक्टरच्या पॉइंटांत चांदीत कॅडमियम ऑक्साइड असतं, चांदी 85 ते 90 टक्के. तिसरा लहानसा ढीग ब्रेकरमधल्या पॉइंटांचा: हातात घेतले तर आकाराच्या मानाने जड आणि कानस लावली तर घसरते. ते चांदी-टंगस्टनचे. सराफाच्या मशीनखाली गेलेला दाणा यांतलाच होता.

घरच्या काट्यावर कॅडमियमच्या 410 ग्रॅम, निकेलच्या 130 आणि टंगस्टनच्या 60 ग्रॅम भरल्या. पट्ट्या भंगारात वेगळ्या दिल्या, त्यांचे पैसे वेगळे आले.

मग हुपरी गाठली. पैंजणांचं गाव, आमच्यापासून जवळच. तिथे एक गलाईवाले मामा भेटले, मूळचे विट्याकडचे. त्या भागातली माणसं चांदी-सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. पुड्या उघडल्यावर त्यांचा पहिला प्रश्न भावाचा नव्हता. ‘यातल्या कुठल्या घरी आटवल्यात का?’ त्यांनी विचारलं. अण्णांनी फार वर्षांपूर्वी मागच्या पडवीत एकदा गॅसच्या ज्योतीवर मूठभर पॉइंट आटवले होते. त्या रात्री त्यांना थंडी वाजून ताप आला होता आणि आठवडाभर खोकला सुटला नव्हता. आम्ही ते हवापाण्यावर ढकललं. मामांनी सांगितलं, चांदी वितळायला 962 अंश लागतात, पण कॅडमियम 767 ला उकळून धुरात जातं, आणि तो धूर फुप्फुसं जाळतो, माणूस दगावतो. अण्णा गप्प बसून होते. मला त्या पडवीत खेळणारी आम्ही भावंडं आठवली. कुणाच्या घरी असे पॉइंट साठवलेले असतील तर कृपा करून ते तापवू नका.

मामांनी एकाच चकतीच्या दोन्ही बाजू मशीनवर दाखवल्या. तोंडाकडून 86, पाठीकडून 97. पट्टीला डाग नीट धरावा म्हणून पाठीला जवळजवळ चोख चांदीचा पातळ थर देतात, आणि मशीन फक्त वरचा पापुद्रा वाचतं. म्हणून अशा मालाचा खरा टंच गाळल्यावरच कळतो. मजुरी आधी ठरवली, मालाचं वजन माझ्यासमोर झालं, मी ते वहीत लिहिलं.

धुराड्याखाली नायट्रिक ॲसिडमध्ये 540 ग्रॅम माल विरघळला. तपकिरी वाफा वर ओढल्या गेल्या. गाळलेल्या पाण्यात मामांनी तांब्याच्या पट्ट्या सोडल्या, आणि हा भाग मी डोळे भरून पाहिला. पट्टीवर राखाडी शेवाळ धरावं तशी चांदी धरायला लागली, झटकली की तळाशी बसायची, आणि पाणी हळूहळू मोरपिशी निळं होत गेलं. तांबं पाण्यात उतरतं आणि चांदी बाहेर येते. कॅडमियम, निकेल पाण्यातच राहतात. ती राखाडी भुकटी धुऊन, वाळवून टाकणखार घालून मुशीत आटवली. लगड भरली 462 ग्रॅम.

लगडीच्या वरच्या एका कोपऱ्यात आणि खालच्या विरुद्ध कोपऱ्यात भोक पाडून भुसा काढला, दोन्हींचा मिळून नमुना केला आणि तो तिऱ्हाईत तपासणी केंद्रात मी स्वतः नेऊन दिला. तिथे रासायनिक पद्धतीने तपासून 99.1 टंच आला. म्हणजे 457.8 ग्रॅम चोख चांदी. सराफाच्या हिशेबाने सगळ्या 600 ग्रॅमची 300 धरली गेली असती. त्या दिवसाचा 999 चा, म्हणजे 99.9 टक्के चोख चांदीचा, भाव धरून मजुरी वजा झाली आणि पैसे बँकेत जमा झाले.

टंगस्टनच्या 60 ग्रॅम मामांनी परत दिल्या. ॲसिडमध्ये टंगस्टनचा पिवळा थर धरतो, आतली चांदी अडकते, एवढ्याशा मालाला ते काम परवडत नाही. त्या अजून दुकानात आहेत. शेजारी आता तीन नवे डबे मांडलेत. अण्णांनी थरथरत्या हाताने त्यांवर खडूने लिहिलंय: ‘चुंबक’, ‘बिनचुंबक’, ‘ब्रेकर’.