चिंचोक्यांचा पूर

हायस्कूलला पोरं आली की वर्गातला खेळ म्हणजे टाइमपास असं सगळे धरूनच चालतात, मला ते अजिबात पटत नाही. निदान पूर शिकवताना तरी नाही.

आमच्याकडं कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीकडची पोरं आहेत, 2019 च्या पुरात घर सोडून पाहुण्यांकडं राहिलेली, त्यांना पूर म्हणजे काय हे मी काय वाचून दाखवणार? म्हणून आम्ही फरशीवर खडूनं पंचगंगा काढतो, वर कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, खाली राजाराम बंधारा. धरण म्हणजे चहाचा कागदी कप, पाणी म्हणजे चिंचोके आणि पाऊस किती ते फासा ठरवणार. पोरांचे गट, कुणी गाव, कुणी धरणवाले, कुणी ऊसवाले. भिंतीवर बंधाऱ्याच्या पाणीपातळीची पट्टी, 39 फुटांला इशारा, 43 ला धोका.

राधानगरी धरणाच्या कपाला वेगळा नियम आहे. तिथले सात दरवाजे स्वयंचलित, तलाव भरला की आपोआप उघडतात, एकेकातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. म्हणून कप भरला की वरचे चिंचोके थेट नदीत, कुणाला विचारायचं नाही. गावाच्या गटातली पोरगी ओरडते, "मॅडम, गेट बंद करा की!" आणि धरणवाला म्हणतो, "माझ्या हातात न्हाई ते." मग त्याचं त्यालाच आठवतं की पाऊस कमी होता तेव्हा वीजगृहातून थोडं थोडं सोडता आलं असतं, पण तेव्हा ऊसवाला गट उन्हाळ्याचं पाणी राख म्हणून मागं लागलेला.

घंटा व्हायच्या आत बोलायला भरपूर वेळ ठेवायचा, नाहीतर कोण जिंकलं एवढंच पोरांच्या लक्षात राहतं. मी एकच विचारते, खऱ्यातलं काय काय या खेळात नाही? एकानं विचारलं, पूररेषेतली बांधकामं कुठायत? त्यावरच तास संपला.

विजेच्या सर्किटसाठी मात्र मी फेट (PhET) हे संगणकावरच्या प्रयोगांचं साधन वापरते, कोलोरॅडो विद्यापीठाचं, कार्ल वीमन यांनी 2002 ला सुरू केलेलं, फुकट आहे आणि मराठीतपण आहे. शॉर्ट केलं की स्क्रीनवर आग दिसते, पोरं बिनधास्त करून बघतात. नंतर खरा सेल आणि बल्ब हातात देतेच.

आता पोरांना कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचापण कप पायजे. त्याच्या पाण्याचा फुगवटा मागं कुठपर्यंत येतो यावर मोठ्यांचंच एकमत नाही, म्हणून दोन्ही बाजूंचे नियम लावून दोनदा खेळायचं ठरवलंय. चिंचोके कमी पडणारेत, घरात असतील तर पाठवा.