"प्रश्नावली जोडा": एका परवानगीचा अनुभव

"प्रश्नावली जोडा" हा शेरा मला अजून खुपतो.

बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या एका गावात दूध घालणाऱ्यांसाठी मोबाईल ॲप करायचं काम आमच्याकडे होतं. स्क्रीन आखण्याआधी संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ बसायचं, लोक नेमकं काय करतात ते बघायचं, असं ठरलं. गाव लगेच तयार झालं. अडलं ते परवानगी देणाऱ्या वरच्या कार्यालयात. त्यांच्या फॉर्ममध्ये दोन रकाने सक्तीचे: प्रश्नावलीची प्रत आणि उत्तरं देणाऱ्यांची संख्या.

मी सांगितलं, आम्ही प्रश्न ठरवून जात नाही. आधीच छापले, तर आपल्याला सुचलं तेवढंच उत्तरात येतं. टेबलावरचे म्हणाले, "प्रश्न नाहीत तर सर्व्हे कसला? फाईल वर जाणार नाही." पुढच्या खेपेला साहेब मीटिंगला. त्यानंतर टेबलावर माणूसच बदललेला, त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. एकानं सुचवलं, "वीस प्रश्न लिहून टाका की, कोण बघतंय!" तसं मी केलं नाही, याचा मला अभिमान आहे. खोटी प्रश्नावली जोडली असती तर पुढं तिचेच आकडे मागितले गेले असते.

शेवटी त्या रकान्यात "सोबत निरीक्षणाचा आराखडा" असं लिहून दोन पानं जोडली. काय बघणार: रांग, माप, दुधातलं फॅट मोजायचं मशीन, पावती, मोबाईल कुणाच्या हातात. काय बघणार नाही: बँक खातं, घरातले वाद. नोंदी कुणाकडे राहणार, नावं कशी वगळणार, तेही. झेरॉक्स कंपनीच्या अमेरिकेत पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात मानववंशशास्त्रज्ञ लूसी सचमन यांनी फोटोकॉपी मशीनपुढं अडखळणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून अभ्यास केला होता, त्याचा दाखला दिला. आयएसओ ९२४१-२१० हे वापरणाऱ्याला मध्यभागी ठेवून डिझाईन करण्याचं आंतरराष्ट्रीय मानकही लिहिलं. वापरणारा कोण आणि तो कुठल्या परिस्थितीत काम करतो हे समजून घेणं, हा त्यात डिझाईनचाच भाग धरलाय. मानकाचा नंबर बघितल्यावर साहेबांनी दोन्ही पानं वाचली आणि सही केली. मला रडू यायचं बाकी होतं.

आणि बसल्यावर काय दिसलं? दुधाच्या मेसेजबद्दल विचारलं तर सगळे सांगत, "मेसेज येतोय की, बघतो." प्रत्यक्षात दूध घालायला येते सासू आणि मोबाईल असतो बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला गेलेल्या मुलाच्या खिशात. मेसेज कन्नडमध्ये, वाचणारी मराठी शाळेतली. फॅट किती लागलं हे ती केंद्राच्या सेक्रेटरींच्या तोंडून ऐकते आणि पावती पिशवीत ठेवते. एका मावशींनी पावती मला दाखवत विचारलं, "ह्यात पैशे कुठं लिवल्यात?" असा प्रश्न माझ्या कुठल्याही प्रश्नावलीत आला नसता. आम्ही ॲप मागं ठेवलं आणि आधी पावती बदलली: फॅट आणि रक्कम मोठ्या अक्षरात, मराठी आणि कन्नड दोन्हीत.

असं काम करणाऱ्यांनी पहिले काही दिवस वहीसुद्धा काढू नये. वही दिसली की लोक तपासणीला आलेत समजून नीट वागायला लागतात. संमती तोंडी, मराठीत घ्या. सही मागितली की बायका मागं सरतात. नोंदी त्याच रात्री लिहून काढा. कार्यालयात अर्ज कन्नडमध्ये द्या, मराठी प्रत मागं जोडा, आणि शिक्का मारलेली पोच हातात आल्याशिवाय टेबल सोडू नका.