तुम्ही विचारलंत म्हणून : माझ्या सासरचे लोक मुसलमान आहेत का?

माझे सासर सीरियातले, अलवी पंथाचे. त्यांच्याबद्दलचा हा प्रश्न मला पुण्यातले नातेवाईक विचारत आले आहेत, माझ्या कोकणी मुस्लिम मैत्रिणीने विचारला आहे, आणि मार्च २०२५ मध्ये सीरियाच्या किनारपट्टीवर झालेल्या कत्तलीच्या बातम्या वाचून, अलवी नावाचा पंथ असतो हे ज्यांना तोवर ठाऊकही नव्हते, त्यांनीही विचारला. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

पूर्वी मी ‘शियांचाच एक पंथ आहे’ असे सांगून विषय मिटवत असे. त्या उत्तराला आधार होता. १९३६ साली जेरुसलेमचे मुफ्ती हाज अमीन अल-हुसैनी यांनी अलवी हे मुसलमान असल्याचा फतवा दिला आणि १९७३ साली लेबनॉनमधील शिया धर्मगुरू मूसा अल-सद्र यांनी त्यांना शियांमध्ये गणले. मात्र या दोन्ही दाखल्यांमागे त्या त्या वेळची राजकीय गरज होती. १९७३ साली तर सीरियाचा राष्ट्राध्यक्ष मुसलमानच असावा यासाठी लोक रस्त्यावर उतरले होते आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हाफिज असद अलवी होते. उलट बाजूला चौदाव्या शतकातला सुन्नी धर्मपंडित इब्न तैमियांचा फतवा आहे, ज्यात या लोकांना ज्यू आणि ख्रिस्ती यांच्याहूनही मोठे काफिर म्हटले आहे. तो फतवा आजही शोधून काढला जातो आणि वापरला जातो.

श्रद्धांबद्दल लपवण्यासारखे माझ्यापाशी काही नाही, कारण मला फारसे सांगितलेलेच नाही. अली, मुहम्मद आणि सलमान फारसी यांना ‘अर्थ’, ‘नाम’ आणि ‘द्वार’ मानणारी शिकवण, आणि आत्मा देह बदलत राहतो हा विश्वास, एवढे अभ्यासकांनी लिहिले आहे. हे रूढ इस्लामपेक्षा खूप वेगळे आहे, हे मी मान्य करते. परंतु या धर्माचे गूढ ज्ञान फक्त दीक्षा घेतलेल्या पुरुषांना मिळते. माझ्या सासूबाईंना आयुष्यभरात ते कोणी सांगितले नाही, तर मला कोण सांगणार? आमच्याकडचे काही काका पुनर्जन्माचे ऐकताच खूश होऊन ‘म्हणजे मुळात आपलेच की’ असे म्हणतात, तेव्हा मला जास्त राग येतो. एक जण त्यांना इस्लामच्या बाहेर ढकलतो आणि दुसरा त्यांना न विचारता आपल्या घरात ओढतो.

माझे सासरे सीरियाच्या किनाऱ्यावरच्या लाताकिया शहरामागच्या डोंगरातले तंबाखूचे शेतकरी होते. युद्धाच्या काळात ते आमच्याकडे जर्मनीत आले. सकाळभर लहानशा पेल्यात माते, म्हणजे चहासारखे एक पेय, घेऊन धातूच्या नळीने ओढत बसत. गावच्या जियारतीवरून, म्हणजे पांढऱ्या घुमटाच्या दर्ग्यावरून, आणलेली हिरवी कापडी पट्टी त्यांच्या मनगटावर कायम बांधलेली असे. ते गेले तेव्हा आम्ही जवळच्या एका मशिदीकडे मदत मागितली आणि अंघोळ घालण्यासाठी तिथून एक स्वयंसेवक लगेच आले. इस्पितळाच्या त्या खोलीत माझे पती त्यांच्यासोबत होते; मी बाहेर व्हरांड्यात उभी होते. थोड्याच वेळात ते गृहस्थ ओल्या बाह्यांनीच बाहेर आले. आत काय झाले ते पतींनी नंतर सांगितले. पट्टी सोडवताना त्यांनी विचारले, ‘ही कुठली?’ पतींनी खरे ते सांगितले. ‘अलवी?’ ‘हो.’ त्यांनी हात पुसले, टॉवेलची नीट घडी घातली आणि ‘इमामसाहेबांना विचारावे लागेल’ एवढेच म्हणाले. संध्याकाळी निरोप आला की जनाज्याची नमाज त्यांना पढवता येणार नाही. निरोप सभ्य होता. अल्लाह त्यांच्यावर दया करो, असेही त्यात होते.

अर्धवट राहिलेली अंघोळ दुसऱ्या दिवशी पतींच्या एका सुन्नी मित्राने पुरी केली. तो सीरियातल्या होम्स शहरातला, आणि त्याचे घर हाफिज यांचा मुलगा बशर असद याच्या सैन्याच्या तोफांनी पडलेले. माझ्या सासऱ्यांचे पुतणे त्याच सैन्यात होते, हे त्याला माहीत होते. नगरपालिकेच्या दफनभूमीतल्या मुस्लिमांसाठी राखलेल्या भागात त्यानेच नमाज पढवली. सुन्नी रीतीप्रमाणे त्याने चार तकबीर म्हटल्या, म्हणजे चार वेळा ‘अल्लाहू अकबर’ म्हटले. शिया रीतीत पाच असतात. पाचवी म्हणावी की नाही, हे माझ्या पतींना उमगेना, कारण दीक्षेच्या वयातच त्यांनी गाव सोडले होते. ते तसेच उभे राहिले.

व्हरांड्यातून निघून गेलेल्या त्या गृहस्थांना मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांना जे शिकवले गेले त्याच्याशी ते प्रामाणिक राहिले. पण शेवटच्या रात्री माझ्या सासऱ्यांनी कलमा म्हटला, तो मी माझ्या कानांनी ऐकला आहे. ते ऐकणारी मी एकटीच होते आणि मी मुसलमान नाही. मग माझी साक्ष कोण धरणार? तरीही मला वाटते की जो स्वतःला मुसलमान म्हणवतो त्याची आणखी परीक्षा घेण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि ‘शियांचा पंथ आहे’ असे दाखला दिल्यासारखे सांगताना आपण तो अधिकार मान्य करून बसतो.

माझ्या पतींना हे पटत नाही. २०२५ च्या त्या मार्चमध्ये सत्ता गेलेल्या बशर असदच्या उरल्यासुरल्या लोकांनी सुरक्षा दलांवर हल्ले केले आणि त्यानंतर बंदुका घेतलेली माणसे घरोघरी जाऊन ‘सुन्नी की अलवी?’ असे विचारत फिरली. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने सुमारे १,४०० बळी नोंदवले, त्यांत बहुतेक सामान्य नागरिक. पतींचे चुलत भाऊ आजही त्याच पट्ट्यात राहतात. ते म्हणतात, ‘तू पुण्याच्या लोकांना उत्तर देतेस, त्यांना दारात उभ्या राहिलेल्या माणसाला द्यावे लागते. त्यांना ते एक वाक्य राहू दे.’ यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि तरीही ते वाक्य आता माझ्या तोंडून निघत नाही. आमची मुलगी आजोबांच्या धर्माबद्दल विचारते तेव्हा आम्ही दोघे तिला दोन वेगवेगळी उत्तरे देतो, आणि तिचे त्यांतल्या एकानेही समाधान होत नाही.